उलटं पुस्तक

पहिल्या रात्री मी पुस्तक सरळ धरलं
तर मोरी शुकर चिडले.
"उलटं धर. डोकं खाली."
मला वाटलं, वय बोलतंय.
सून दारातूनच म्हणाली,
त्यांना सरळ वाचताच येत नाही.

हैदानच्या डोंगरात, येमेनमध्ये,
नऊ पोरं आणि पुस्तक एक.
मध्ये पुस्तक, भोवती पोरं गोल बसलेली,
ज्याला जी बाजू मिळाली, ती त्याची अक्षरं.
यांना मिळाली गुरुजींच्या समोरची.
तेव्हापासून देवाचा शब्द
ते समोरच्याच्या हातातून वाचतात.

रोश हाआयिन. पाण्याच्या टाकीमागची गल्ली.
रात्रपाळीला मी.
मला ते नर्स म्हणत नाहीत, ओमेनेत म्हणतात,
लेकराला कडेवर घेऊन चालते, ती.
त्यांचं वजन एकेचाळीस किलो.

इथेच छावणी होती, तंबूंची.
त्या हिवाळ्यात रूमियाला ताप आला.
अकरा महिन्यांची. दवाखान्यात नेली.
सकाळी सांगितलं, गेली.
कपडे परत दिले नाहीत.
थडगं दाखवलं नाही.
बद्रा, त्यांची बायको, दर वर्षी एक झगा शिवायची,
मागच्याहून दोन बोटं लांब.
अठरा झगे झाले आणि तिने सुई ठेवून दिली.
म्हणाली, आता तिचं ती शिवेल.

हे सगळं मला सुनेने सांगितलं,
कांदा चिरताना.

पहाटे ते डावा हात पुढे करतात,
त्यावर चामड्याचा पट्टा गुंडाळायचा असतो.
हात थरथरतो, खाली येतो.
मी कोपराखाली तळवा ठेवते.
एकदा न राहवून विचारलं,
एवढं होऊनही तुमचा भरवसा?

"डोंगरावरचा तो म्हातारा आठव," ते म्हणाले,
"खाली लढाई चाललेली.
हात वर, तर आपली सरशी.
हात खाली, की माघार.
हात जडावले.
बुडाखाली दगड सरकवला, दोघांनी दोन बाजूंनी धरलं.
आणि मग तिथे तो शब्द येतो,
सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात... एमुना.
मनाचं नाव नाही त्या ओळीत.
हातांबद्दल आहे, पोरी. भरून आलेल्या हातांबद्दल."

पट्ट्याचे सात वेढे झाले.
"आमचे खालच्या बाजारातले शेजारी ईमान म्हणत.
दाणे तोलताना तागडीवर बोट ठेवायचं नाही,
एवढंच."

आणि त्याचं बोट? मी वर पाहून म्हटलं.
त्याची तागडी?

बराच वेळ नळ टिपकत राहिला.

"रोज विचारतो त्याला.
सत्तर वर्षं होऊन गेली. मान वर करून, ओरडूनसुद्धा.
उत्तर नाही.
पण कुणाला विचारायचं, हे मला ठाऊक आहे.
बद्राला ठाऊक होतं.
तुझ्याकडे आहे कुणी, ओरडायला?"

मी पट्ट्याची गाठ बघत बसले.

शाळा सुटल्यापासून मी हे पुस्तक उघडलं नव्हतं.
बाविसाव्या की तेविसाव्या रात्री
त्यांच्यासमोर ते धरून बसले होते,
त्यांच्या बाजूने उलटं,
आणि माझ्या लक्षात आलं,
उलटं धरलेलं पुस्तक
धरणाऱ्याला सरळ दिसतं.
एक ओळ वाचून झाली होती माझी,
नकळत. ओठ हलत होते.
त्यांनी पाहिलं, नाही पाहिलं, कळलं नाही.
डोळ्यांत मोतीबिंदू, बोट मात्र बरोबर त्याच ओळीवर.

मग माझा दंड भरून आला.
पुस्तक झुकलं.
एकेचाळीस किलोचा तो माणूस
उशीवरून उठू न शकणारा,
म्हणाला,
"थांब, दगड आणतो."